हँडलवर राहिलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज पहाटे ज्यांच्याबरोबर सायकल काढतो त्या मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, तर तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात समोरासमोर आलो तरी मान वळवून पुढे जाता येईल. म्हणजे यातही मी आपली सोय पाहिलीच आहे.

सांगायला बसलं की मला राग येतो. माझं पहिल्यापासून असंच आहे. बोलायचं असतं एक आणि आधी राग बाहेर पडतो. तेव्हा तो आधी पडू द्या, नाहीतर मुद्द्याचं काही निघायचं नाही.

नगरमध्ये सायकल चालवून पाहिलीय कधी? पाहा एकदा. सावेडीतून निघा आणि दिल्लीगेटपर्यंत या, तेवढ्यात माणसांबद्दल खूप काही कळतं. मागचा टेम्पोवाला हॉर्न असा दाबून धरतो, जसं काही त्या आवाजानेच आपण विरघळून जाणार आहोत. शेजारची मोटार हळू होते, काच खाली येते, आपल्याला वाटतं पत्ता विचारतायत — आणि आतून गुटख्याची पिचकारी येते. उभ्या गाडीचं दार बरोबर आपण जवळ गेल्यावर उघडतं. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, लाल चिंधी नाही, आणि पहाटेच्या अंधारात त्या निम्मा रस्ता अडवून उभ्या. वर हे ऐकायचं — "काका, पेट्रोल परवडंना का?" तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, माझी सायकल तुझ्या मोटारसायकलपेक्षा महाग आहे, असं ओरडावंसं वाटतं. एकदोनदा ओरडलोही आहे.

आणि रस्ते? कुणी केबलसाठी खणतो, कुणी पाण्याच्या लाइनसाठी. खणणारा निघून जातो, चर तसाच राहतो. फारच बोंब झाली तर वरून मुरूम ढकलतात, तो चार गाड्या गेल्या की उडतो. खालची धारदार कड मात्र जागच्या जागी. यावर मी भाषणं केली आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत. एक भाषण तर पुढे येणारच आहे — टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

माझं रंगाचं दुकान आहे. ऑइलपेंट, डिस्टेंपर, ब्रश, टर्पेंटाइन. दिवसभर गादीवर बसून पोट सुटलं, डॉक्टरांनी दम दिला, म्हणून सायकल घेतली आणि मग नादच लागला. हळूहळू ग्रुप झाला. वकील, प्राध्यापक, दुकानदार, एक भूल देणारे डॉक्टर. पहाटे निघायचं, चांदबिबी महाल नाहीतर डोंगरगण, कुठेतरी चहा, आणि ऊन चढायच्या आत परत.

आमचं बोलणं बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला हसू येईल. मागच्या चाकाच्या कॅसेटला, म्हणजे त्या दातेरी चकत्यांना, दात किती, टायरमध्ये हवा किती, ट्यूबलेस बरं की साधी ट्यूब, चेनला तेल की मेण — यावरून शिकलीसवरली माणसं एकमेकांशी अबोला धरतात. पाण्याची बाटली अडकवायचा पिंजरा चिमूटभर हलका मिळावा म्हणून तो पुण्याहून मागवायचा, आणि चढ संपला की वडापाववर वडापाव हाणायचे! या सगळ्या मिजाशीत पुढे कोण? मी. माझी कार्बन फ्रेमची सायकल मी नव्या माणसाला दोन बोटांवर उचलून दाखवायचो. खऱ्या सायकलवाल्याच्या सायकलला स्टँड नसतो, घंटी नसते, कॅरिअर तर नसतंच, हे शिकवणारा मी. स्टँडचं वजन कशाला वाहायचं?

अजून एक गोष्ट मीच शिकवायचो. तीच नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर येऊन ठेपतं.

आम्ही ओळीत चालवतो, एकामागे एक, चाकाला चाक जवळजवळ लागेल इतकं जवळ. पुढचा वारा फोडतो, मागच्याला कमी जोर लागतो. पण मागच्याला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते आणि हात दिसतात. म्हणून खड्डा आला की पुढच्याने ज्या बाजूला खड्डा असेल त्या बाजूचा हात सोडायचा, बोट खाली करून दाखवायचं आणि ओरडायचं — खड्डा! मागच्याने तोच हात आपल्या मागच्याला दाखवायचा. असा तो हात ओळीच्या शेवटापर्यंत जातो. नवा माणूस आला की मी त्याला बाजूला घेऊन बजावायचो. बाकी काही विसरलास तरी चालेल, हात विसरू नको. पुढे चालवणारा म्हणजे मागच्या सगळ्यांचे डोळे. माझ्याइतका या बाबतीत कडक कुणी नव्हता. हात न करणाऱ्या एका वकिलाला मी सगळ्यांसमोर झापला होता आणि आठवडाभर मागे ठेवला होता.

कुंदाताईंनाही मीच शिकवलं.

त्या मूळच्या मिरजगावच्या. नगरला येऊन बरीच वर्षं झाली. माझ्या दुकानापासून जवळच त्यांचं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे, बायका रांग लावतात. बोलायला फटकळ, हसायला मोकळ्या. पन्नाशी उलटल्यावर कुणाच्या तरी मुलाची वापरलेली सायकल घेऊन त्या ग्रुपमध्ये आल्या. सायकलला स्टँड, घंटी, कॅरिअर, सगळं शाबूत! मी नाक मुरडलं. म्हणालो, "ताई, हे सगळं काढून टाका, सायकल हलकी होईल." त्या म्हणाल्या, "अन् गाडी लावायची कुटं? तुमच्यावानी भितीला निजवायची व्हय?" सगळे हसले. तेव्हा मीही मनापासून हसलो होतो.

पण बाई चालवायच्या जबरदस्त. दम असा की विचारू नका. पहिले काही आठवडे मागे राहिल्या, मग मध्ये आल्या, आणि मग माझ्या मागच्या चाकाला चिकटल्या. तिथून हलेनात. बाकीचे चढाला गळायचे, यांचा श्वास माझ्या पाठीमागे तसाच. त्यात त्यांना सवय होती — वर पोचलो की घंटी वाजवायची. ट्रिंग ट्रिंग. मी आले, एवढंच सांगायला. मला ती घंटी खुपायला लागली. का खुपावी? एका बाईने दम कमावला, त्यात माझं काय गेलं? काहीच नाही. तरी खुपायची.

एकदा पिंपळगावच्या तलावाशी थांबलो असताना त्या आईबद्दल बोलल्या. शेवटची वर्षं आईला सगळं विसरायला होत होतं. दूध गॅसवर ठेवायची आणि ओसरीत जाऊन बसायची. लेक समोर उभी असताना तिलाच विचारायची, कुंदा कधी यायची? सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी झाली होती, म्हणाल्या, समोरचं दिसायचं नाही, ऐकलेलं ध्यानात राहायचं नाही. "भाऊ, मला मरनाचं भ्याव न्हाई. ह्या एकाचंच हाय." हे त्या मला म्हणाल्या. मला एकट्याला. म्हणजे पुढे जे झालं ते करताना मला माहीत नव्हतं, असं म्हणायची वाटही माझ्यापुढे नाही.

तो रविवार होता. डोंगरगणला जाऊन येताना नेहमीच्या टपरीवर चहाला थांबलो. मी माझी सायकल भिंतीला टेकवली. टेकवणारच, स्टँड कुठे होता? कुंदाताईंची अंगणात मधोमध ऐटीत उभी. मी ग्रुपला टायरमधल्या हवेवर काहीतरी समजावत होतो, चांगलाच रंगात आलो होतो. तेवढ्यात माझी सायकल भिंतीवरून घसरली आणि थेट टपरीच्या खरकट्या पाण्याच्या गटारात आडवी झाली. पट्टी गुंडाळलेल्या हँडलला चहाचा चोथा, चेनमध्ये कांद्याची सालं. आणि मग कुंदाताई म्हणाल्या, "भाऊ, एवढी म्हागाची गाडी, अन् तिला उभं ऱ्हायाला पाय न्हाई व्हय?"

काय हसले सगळे! चहावाला हसला. मी ज्याला झापला होता तो वकील तर डोळे पुसायला लागला. मीही हसलो. दुसरं काय करणार? पण आत आग झाली होती. कुंदाताईंनी स्वतः येऊन बाटलीतलं पाणी ओतून माझी चेन धुऊन दिली, आपल्या रुमालाने हँडल पुसलं. ते मला आणखीच झोंबलं.

निघालो तेव्हा मी पुढे झालो आणि काही न बोलता वेग वाढवला. त्यांना मागे टाकायचं होतं, बस. समोरून वारा होता, तरी मी मान खाली घालून ताणत राहिलो. एकेक करून सगळे मागे पडले. कुंदाताई पडल्या नाहीत. मी गिअर वाढवला, छाती फुटायची वेळ आली, तरी मागे तोच श्वास. आणि मग, पुढे रस्ता जरा उताराला लागतो तिथे, मागून आवाज आला. ट्रिंग ट्रिंग.

इथे मी लिहिणं थांबवलं होतं. उठून चहा केला, दुकानाच्या किल्ल्या उगीच इकडच्या तिकडे ठेवल्या. याच जागी मी मनातल्या मनात कितीदा आलो असेन आणि परत फिरलो असेन.

खड्डा मला दिसला.

रस्त्याच्या डाव्या बाजूने केबलसाठी खणलेला चर होता, मुरूम उडालेला. त्याचं तोंड आडवं होऊन आमच्याच वाटेत आलं होतं. मला तो लांबून, अगदी स्पष्ट दिसला. माझा डावा हात सवयीने सुटायला लागलाही होता. बोटं हँडलवरून उचलली गेली होती. आणि मी ती परत मिटली. हात हँडलवर ठेवला. तोंड मिटलेलं ठेवलं. चाक वीतभर उजवीकडे घेऊन मी एकटा सटकलो.

मनात काय होतं? त्यांना दचका बसावा, चेन पडावी, ते घंटी वाजवणं थांबावं. त्या पडाव्यात असं वाटलं नव्हतं — पण हे मी का सांगतोय? ज्याने इतक्या लोकांना शिकवलं की मागच्याला रस्ता दिसत नाही, त्याला चर आला की काय होतं हे माहीत नव्हतं? माहीत होतं. कुणी म्हणेल, क्षणाचा राग. क्षणाचा नव्हता. बोटं उचलून परत मिटायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस दुसरा विचार करू शकतो. मी केला, आणि हे ठरवलं.

मागे धातूचा आवाज झाला, आणि सायकल रस्त्यावर आपटताना घंटी एकदा वाजली.

मी सायकल टाकून मागे धावलो. खरंच धावलो. त्या कुशीवर पडल्या होत्या, हेल्मेट तडकलं होतं, उजवं मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मागून बाकीचे आले. एक टेम्पोवाला आपणहून थांबला, टोमॅटोचे क्रेट बाजूला सारून त्याने जागा केली. टेम्पोवाल्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत. त्या दिवशी तिथे जमलेल्यांत निर्दोष माणूस तोच होता.

"मला दिसलंच न्हाई," कुंदाताई म्हणत होत्या. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "अविनाश, हात केला नव्हता का?"

"केला होता की," मी म्हणालो.

पट्कन म्हणालो. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जशी आपली चूक समजल्यावर माणूस हलवतो तशी.

यानंतर मी जे केलं ते ऐका, आणि तुमचं तुम्ही ठरवा याला काय म्हणायचं. मी संतापलो. सगळ्या शहरावर संतापलो! ठेकेदारावर, खात्यावर, चर खणून गेलेल्या माणसांवर. दुकानातून पिवळ्या रंगाचे डबे काढले आणि ग्रुपला घेऊन शहरातल्या प्रत्येक खड्ड्याभोवती वर्तुळं काढत सुटलो. कडेला उभं राहून लोक फोटो काढत होते. पेपरात बातमी आली, हातात ब्रश घेतलेला माझा फोटो आला. मला फोन यायला लागले. दुकानाचा धंदाही वाढला, तेही सांगून टाकतो. तो राग खोटा होता का? नाही, हेच तर वाईट आहे. राग खरा होता. रस्ते वाईट होतेच, ठेकेदार नालायक होताच. मी त्या खऱ्या रागाच्या आड जाऊन बसलो होतो.

ग्रुपमध्येही मी नियम केला. पन्नाशीच्या पुढच्यांनी डोळे तपासून यायचं आणि ओळीत शेवटी राहायचं. कुंदाताईंचं उदाहरण देऊनच केला. सगळ्यांना पटला. कुंदाताईंच्या नवऱ्यालाही पटला. "वय बघून छंद करावेत," ते भेटेल त्याला सांगायचे.

मग सत्कार झाला. एका हॉलमध्ये शाल, श्रीफळ, माइक. कुंदाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, हाताला प्लास्टर. मी बोलायला उभा राहिलो आणि आवाज चढवून म्हणालो — "खड्डा ज्याने खणला तो गुन्हेगार आहेच, पण ज्याला तो दिसतो आणि तरीही जो गप्प बसतो, तो त्याहून मोठा गुन्हेगार!" टाळ्या पडल्या. कुंदाताईंना टाळी वाजवता येत नव्हती, म्हणून त्या डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होत्या. मी पुढचं वाक्य विसरलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. मी खाली बसून पाणी प्यायलो आणि शाल घडी करून घरी घेऊन आलो.

इथवर एक वेळ समजू शकेल कुणी — भीती, गडबड, तोंडून निघून गेलं आणि मग मागे घेता आलं नाही. म्हणून आता दुसरी गोष्ट सांगतो.

दिवाळीच्या आधी कुंदाताई दुकानात आल्या. घराच्या दारांना रंग हवा होता. प्लास्टर निघालं होतं, मनगट जरा वाकडं बसलं होतं, पण कात्री चालत होती. रंग घेऊन झाला तरी त्या जाईनात. मग म्हणाल्या, "भाऊ, डोळ्याच्या डॉक्टरकडं गेल्ते. नजर एकदम चांगली हाय म्हनला. मंग मला तुमचा हात कसा दिसला न्हाई? मी तुमच्या हाताकडंच बघत हुते की वो. खरं सांगा, केला हुता ना?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कामावरचा माणूस जेवायला गेला होता. बाई माझ्यासमोर उभी राहून विचारत होती, आणि सांगायला एवढी मोकळी जागा मला पुन्हा कधी मिळणार होती? मी काय केलं असेल?

मी म्हणालो, "केला होता ताई. डावा हात, बोट खाली, नेहमीसारखा. ओरडलोही होतो."

ओरडलोही होतो! हे कुणी विचारलं होतं? हे मी माझ्याकडून घातलं, गोष्ट पक्की व्हावी म्हणून. जसा रंगाच्या पहिल्या हातावर दुसरा हात मारतो, तसा.

"वरडला बी हुता?" त्या म्हणाल्या. बराच वेळ काउंटरवरच्या शेडकार्डाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आईचं बी आसंच सुरू झालं हुतं."

मी काय बोललो माहीत आहे? मी म्हणालो, "तसं काही नसतं हो, ताई." आणि डब्यांना दोरी बांधून दिली.

त्यानंतर त्यांनी सायकल भाचीला देऊन टाकली. स्कूटरही सोडली, रिक्षाने जातात. ग्रुपवर कधी फोटो टाकले की खाली त्यांचा अंगठा येतो, बाकी काही नाही. माझ्या मागे आता कुणी घंटी वाजवत नाही. तो चर पुढे बुजवला, वर डांबरही पडलं. माझं पिवळं वर्तुळ त्याखाली गेलं.

परवा बायकोचे ब्लाउज आणायला मी त्यांच्या दुकानात गेलो. आत एका मुलीचं माप घेणं चाललं होतं. कुंदाताईंनी टेप लावला, आकडा म्हणाल्या. मग थांबल्या. पुन्हा टेप लावला. मग आपल्या लेकीला हाक मारून म्हणाल्या, "पल्लवे, तू घे गं एकदा, माझं काय खरं न्हाई." हे इतक्या सहज म्हणाल्या की त्या मुलीला गंमत वाटली. एकेकाळी गिऱ्हाईक दारात दिसलं की ही बाई नुसत्या नजरेने कापड किती लागेल ते सांगायची, आणि त्यावरून दोन टोमणेही मारायची. पल्लवी मला पिशवी द्यायला बाहेर आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "काका, आई दिवसातून कितीदा तरी घरी जाऊन गॅस बघून येते. बंदच असतो. तरी जाते."

मी पायरी उतरत होतो तेवढ्यात कुंदाताईंनी आतून हाक मारली. "भाऊ, तुमी खरं सांगितलं ते बरं केलं. न्हाईतर मी रस्त्यालाच शिव्या देत बसले असते." आणि हसल्या, पूर्वीसारखं मोकळं नाही, पण हसल्या.

मी "येतो ताई" म्हणालो. घरी आलो, बायकोला पिशवी दिली. ब्लाउज तिला अगदी व्यवस्थित बसले.

मला संताप येतो. टेम्पोवर नाही, ठेकेदारावर नाही. या माणसावर येतो, जो पायरीवर उभा होता आणि जिभेवर आलेलं गिळून "येतो ताई" म्हणाला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला शहरभर बदनाम केला असता, पिवळा रंग घेऊन त्याच्या दाराभोवती वर्तुळ काढलं असतं. मी जाऊन त्यांना सगळं सांगून आलो, असं लिहून इथे थांबता आलं असतं. तेही खोटं झालं असतं. मी अजून गेलेलो नाही. आज सकाळीही सायकल काढली, ओळीत पुढे होतो, आणि रस्त्यात आलेल्या प्रत्येक खड्ड्याला हात केला.

कुंदाताई, तुमची नजर चांगली होती. तुमचे कानही चांगले होते. तुम्ही माझ्या हाताकडे बघत होता, आणि तो हँडलवरच होता.